मितिनीचं नाव

असोज २

पोचले एकदाची! पुलापाशी बस सोडली तेव्हा नऊ वाजले होते, आणि फलामखर्क गावच्या पिंपळाखाली चौतारीच्या पारावर बूड टेकलं तेव्हा चार. पायांचा पार भुगा झालाय, पण मन असं हलकं झालंय की काय सांगू. वाटेत तीन ठिकाणी दम खायला बसले आणि तिन्ही ठिकाणी घरातून कुणी ना कुणी बाहेर आलं. एकीनं पाणी दिलं. एकानं माझी सॅक वरच्या वळणापर्यंत नेऊन ठेवली. तिसरीनं काकडी चिरून, तिळाचं तिखट लावून हातात दिली. कोण, कुठली, काही विचारलं नाही. आधी खा, मग वंशावळ सांग, म्हणाली. पोखऱ्यात अकरा वर्षं हॉटेलात काढली मी. तिथं पाणी मागितलं तर विकतची बाटली दाखवतात.

लॉजची मालकीण अंगणातच उभी होती. सगळा गाव तिला ठूलीआमा म्हणतो, म्हणजे थोरली आई. साठीची, गोलमटोल, हसली की डोळे गायब. मला वरून खाली बघून म्हणाली, अगं पोरी, मी माणूस मागवलं होतं, काडी कुणी पाठवली? हॉटेलवाले जेवण नुसतं वाढायला लावतात, खाऊ देत नाहीत वाटतं? आणि खोली दाखवायच्या आधी मला चुलीपाशी बसवून ढिंडो, पिठाची घट्ट उकड, वाढला.

काम सोपं आहे. पाठीवर सॅक टाकून परदेशी पोरंपोरी येतात, त्यांच्याशी इंग्रजी बोलायचं, त्यांना सोसेल इतपतच तिखट घालायचं, आणि गावातली माणसं जे बोलतील ते त्यांना सांगायचं. गावाला बोलायची भारी हौस, आणि इंग्रजी कुणालाच येत नाही. आधी शाळेचा मास्तर हे काम करायचा, तो कतारला गेला.

ही वही सृजनानं दिलीय. नऊ वर्षांची आहे माझी लेक, बागलुंगला आजीकडे असते. रोज लिही आणि तिहारला, दिव्यांच्या सणाला, घरी आलीस की मला वाचून दाखव, असा हुकूम आहे. म्हणून इथं खोटं लिहायचं नाही. सगळंही लिहायचं नाही.

असोज ५

तीन दिवसांत अख्ख्या गावाला माझं नाव पाठ झालंय. हरिकला, ये गं चहाला. हरिकला, भोपळ्याचे मुंटे घेऊन जा, कोवळे शेंडे आहेत. मी कुणाकडे रिकाम्या हातानं गेले नाही की रिकाम्या हातानं आले नाही.

शेजारच्या घरात ठूलीआमाचा दीर राहतो, जमानसिंह बाजे, म्हणजे आजोबा. पलटणीतून निवृत्त झालेला म्हातारा. खोकतो. असा खोकतो की अंगणातल्या कोंबड्या टिपायच्या थांबतात. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलंय, दसैंच्या सणापर्यंतच. हे तो स्वतःच हसत सांगतो. दसैंचा बोकड आणि मी, दोघांचा मुहूर्त एकच, बघू कुणाचा नंबर आधी लागतो, म्हणतो. त्याची बायको बज्यै, म्हणजे आजी, हसत नाही. ती म्हणते, तोंड आवरा, पाहुणे यायचे दिवस आलेत, कुणीतरी चांगलं भेटेल. मला वाटलं, पाहुण्यांत एखादा डॉक्टर भेटेल असं म्हणतेय.

आज धाऱ्यावर, गावच्या झऱ्याच्या तोटीशी, आंघोळीला गेलो. परकर छातीवर बांधून आम्ही सात-आठ जणी, एकमेकींची पाठ चोळतोय, सासवांच्या नकला करतोय, नुसता दंगा. माझा हात सवयीनं डावीकडे काखेखाली गेला. ठूलीआमानं पाहिलं. पाठ चोळता चोळता तिची बोटं बरोबर तिथल्या गाठीवर येऊन थांबली आणि तिनं कानाशी विचारलं, किती महिने झाले? मी म्हटलं, आठ.

पोखऱ्याच्या डॉक्टरबाईनं सुई घालून तपासू म्हटलं होतं. मी परत गेलेच नाही. टेबलावर पडायचं, तिनं दिवा लावायचा, आणि शिकाऊ पोरांनी वाकून बघायचं. मेले तरी चालेल पण दाखवणार नाही, असली मी. हे पान सृजनाला वाचून दाखवायचं नाही.

असोज ११

काल पोलंडचा एक पोरगा आला, तोमेक नावाचा. सव्वीस वर्षांचा, खांबासारखा उंच. दाराची चौकट त्याला तीनदा लागली आणि तिन्ही वेळा गाव हसला, चौथ्यांदा तो मुद्दाम लावून घेऊन आपणच हसला. झालं, गावानं त्याला डोक्यावर घेतलं. एका सकाळी चार घरी जेवला बिचारा. नाही म्हणायला शिकव म्हणाला मला, मी शिकवलं, पण ऐकतंय कोण! आई काय करते, बहीण किती मोठी, लग्न का नाही, सगळं विचारून झालं. तो म्हणाला, माझ्या इमारतीत समोरच्या दारातल्या माणसाचं नाव मला माहीत नाही, आणि इथं मला पोटच्या पोरासारखं भरवतायत. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. मी ठूलीआमाला सांगितलं तशी तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं.

आज सकाळी जमानसिंह बाजेनं त्याच्याशी मीत लावलं. मीत म्हणजे मानलेला भाऊ, सख्ख्याहून सख्खा. माझ्या बाचा बेनी गावात एक मीत होता. तो गेला तेव्हा बानं डोकं भादरलं आणि तेरा दिवस मीठ खाल्लं नाही. मीत लावलं की एकमेकांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मीतज्यू म्हणायचं. बायकांत मितिनी. साधारण एका वयाच्या माणसांत लावतात. इथं म्हातारा बहात्तरचा आणि पोरगा सव्वीसचा, म्हणून मला हसू आलं. बज्यै म्हणाली, मनाचं वय बघतात गं, दाताचं नाही.

अंगणात दोघांना समोरासमोर बसवलं. झेंडूच्या माळा, टिळा, दूर्वा. म्हाताऱ्यानं आपली टोपी त्याला घातली, त्यानं आपली लोकरीची टोपी म्हाताऱ्याला. अख्खा गाव टाळ्या पिटत होता. मग या गावची एक बोली आहे, ती मी दुसरीकडे कुठं ऐकली नव्हती. दोघांनी हात धरून म्हणायचं: तुझं दुखणं माझं, माझं दुखणं तुझं. पोराला नेपाळीत म्हणता यायला मी एकेक शब्द सांगत होते. अर्थ काय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझं दुखणं माझं. दुसरं सांगणार तेवढ्यात ठूलीआमा म्हणाली, पुरे गं, तेच उलटं करून म्हटलंय, किती बडबडशील, त्याचा चहा निवतोय. मी सोडून दिलं.

असोज १३

जमानसिंह बाजे सकाळी लाकडं फोडत होता! मी दारात उभी राहून बघतच राहिले. घाव घालतोय, पलटणीतलं गाणं म्हणतोय, आणि एकदाही खोकला नाही. कोंबड्या निवांत टिपत होत्या.

तोमेक दहा वाजता खाली निघाला. गाव चौतारीपर्यंत पोचवायला गेला. गळ्यात माळा एवढ्या की हनुवटी दिसेना. थंडी लागली वाटतं, म्हणाला, रात्रभर खोकलोय. बज्यैनं त्याच्या खिशात आलं आणि जंगली मध कोंबला आणि हमसून हमसून रडली.

असोज १७

तोमेक गेला.

खालच्या गावात चहाच्या दुकानाच्या बाकावर श्वास घ्यायला म्हणून बसला तो उठलाच नाही. भर दुपारी, चार माणसांदेखत. हमाल सांगत होता, तोंडाला रुमाल लावून खोकत होता, रुमाल लाल झाला होता. डोक्यावर बाजेची टोपी होती.

पोलिसांनी मला फोनवर घेतलं, कारण इंग्रजी मलाच येतं. त्याच्या बहिणीशी बोलायचं होतं. शेवटच्या दिवसांत तो कुठं होता, काय खाल्लं, कुणाशी बोलला. मी सगळं सांगितलं. ती रडत होती आणि मधेच म्हणाली, त्यानं तुमच्या गावाचे फोटो पाठवले होते, इतकी चांगली माणसं मला कधी भेटली नाहीत असं लिहिलं होतं. तुमचे सगळ्यांचे आभार. आभार मानत होती ती! मी म्हटलं, अहो, त्यात काय.

घरी येऊन चुलीपाशी बसले आणि तोंडातून निघून गेलं, अरेरे, तोमेक. बज्यै समोर होती. तिनं झडप घालून माझ्या तोंडावर हात दाबला. म्हातारीच्या हाताला इतका जोर असतो हे मला माहीत नव्हतं.

असोज १८

आज ठूलीआमाला मका सोलताना सरळ विचारलं. तिनं काही लपवलं नाही. मला वाटलं होतं चिडेल, घालवून देईल. उलट मका सोलत शांतपणे सांगितलं, ताकाची कृती सांगावी तसं.

म्हणाली, बोलीतली दोन्ही वाक्यं खरी असतात. आपलं जडलेलं त्यांच्याकडे जातं, त्यांचं किरकोळ आपल्याकडे येतं. त्या पोराला गुडघ्याला जुना मार होता, आज बाजेचा गुडघा धरलाय बघ. चोरी नाही ही, अदलाबदल आहे. आणि आपलं त्यांना काय जड आहे गं? त्यांच्याकडे मोठी इस्पितळं, मोठी यंत्रं. आपल्याला मारतं ते तिकडे गोळीनं बरं होतं. हा पोरगा अभागी, खाली पोचेपर्यंत टिकला नाही. बाकीचे घरी जाऊन बरे झाले असतील.

झाले असतील, म्हणाली. बाकीचे किती, मी विचारलं नाही. भिंतीवर फोटो आहेत, गावकऱ्यांच्या गळ्यात हात टाकून हसणारे गोरे. एकाखालीही नाव नाही.

नावाचंही सांगितलं. ज्यानं आपलं दुखणं दिलं त्यानं मीताचं नाव मोठ्यानं घेतलं की सगळं जिथलं तिथं परत येतं. दोघं जिवंत असेपर्यंत. तू घेऊन काही होत नाही, बज्यै उगीच घाबरली. मग माझ्या डाव्या बाजूकडे बघून म्हणाली, तुला पण कुणीतरी चांगलं भेटेल हो.

मला उठून जायला हवं होतं. सॅक भरायला हवी होती. मी उरलेली कणसं सोलली.

असोज २५

दसैंचा पिंग बांधलाय चौतारीशी. आज त्याच्यावर पोर्तुगालची एक बाई झोके घेत होती आणि गावातल्या बायका तिला ढकलत ओरडत होत्या. तिचं नाव इनेस. तेहतीस वर्षांची, एकटी फिरते, खळखळून हसते. बज्यैच्या सुपात तिनं दुपारभर तांदूळ पाखडला आणि अर्धा अंगणात सांडला. ठूलीआमा म्हणाली, कोंबड्यांनी तुला जन्मभर विसरायचं नाही ठरवलंय.

मी हिच्याशी फार बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

असोज ३०

बोलले. काय करू, अकरा वर्षं हॉटेलात पाहुण्यांशी बोलले पण मैत्रीण एक नव्हती. इनेस दोन दिवसांसाठी आलेली, सहा झाले, जायचं नाव नाही. माझ्याबरोबर भाज्या चिरते. सृजनाशी फोनवर बोलायला चौतारीपर्यंत येते. तिच्या भाषेत ह उच्चारतच नाहीत, म्हणून आधी मला अरिकला म्हणायची. तुझं नाव अर्धं घेतलेलं मला चालणार नाही म्हणाली आणि तीन दिवस आरशावर वाफ सोडावी तशी ह, ह करत फिरत होती. आज सकाळी अंगणातून खणखणीत हाक आली, हरिकला! सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

धाऱ्यावर तिनंही पाहिलं. परकराआडूनही दिसायला लागलंय आता. ठूलीआमासारखी कुजबुजली नाही ती, मला दगडावर बसवून सरळ विचारलं. तिच्या आईला हेच झालं होतं. वेळेवर दाखवलं, आज सत्तर वर्षांची आहे आणि शेजाऱ्यांशी भांडते. म्हणाली, आपण शुक्रवारी खाली जाऊ, पोखऱ्याला. मी आत तुझ्या शेजारी बसेन, हात धरीन. तुला लाज वाटली तर मी पण अंगातलं काढून बसते, डॉक्टर बघू दे कुणाकडे बघायचंय ते.

इतकं हसलो आम्ही. मला इतकं कुणी म्हटलं नव्हतं आजवर.

कात्तिक ४

आजचं लिहीत नाही.

कात्तिक ५

यापुढे मी तिचं नाव लिहिणार नाही.

लिहितेच. मंगळवारी ठूलीआमानं विचारलं, शुक्रवारी जाताय म्हणे? आणि मग? त्या टेबलावर पडशील, कापतील, मुलीला आजीच सांभाळेल. इथं सगळं फुलांत होऊन जाईल. तिच्या देशात तर तिची आई बरी झालीये, तीच सांगत होती ना. तिला काय जड आहे?

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. भाकरी उलटायला लागते तेवढाच वेळ लागला.

मी तिला म्हटलं, जायच्या आधी तू माझी मितिनी हो. ती लहान मुलीसारखी नाचली. काल सकाळी अंगणात झालं सगळं. झेंडूच्या माळा बायकांनी पहाटेपासून ओवल्या होत्या. तिनं आपला निळा रुमाल मला दिला, मी माझी शाल. आपल्या मोबाइलवर सगळं टिपून घे म्हणून तिनं एका बाईच्या हातात फोन दिला. मी बोली म्हटली, तिनं माझ्यामागून म्हटली. दोन्ही वाक्यं. ह नीट आला. अर्थ काय, तिनं विचारलं.

मी म्हटलं, तुझं दुखणं माझं.

त्या वेळी मला कुणी गप्प केलं नाही. चहा निवत नव्हता. सगळा गाव थांबला होता आणि मी तिच्या डोळ्यांत बघत तेवढ्यावरच थांबले. तिनं मला मिठी मारली. म्हणाली, तीन दिवस खपून तुझं नाव शिकले आणि आता म्हणता घ्यायचंच नाही!

सृजनासाठी केलं असं लिहिणार होते. खोडते. मी माझ्यासाठी केलं. डॉक्टरसमोर पदर बाजूला करायची मला लाज वाटली, आणि याची नाही वाटली.

कात्तिक ६

काखेखाली हात घातला. काही नाही. सपाट. दोन्ही बाजू सारख्या.

ती सकाळी एकटीच खाली गेली. मला बरं वाटतंय, दुखत नाही, मग बघू, असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडून वचन घेतलं की तिहारनंतर डॉक्टरकडे जाईन. खांद्याला सॅकचा पट्टा डावीकडून लागतोय म्हणाली. मी तो सैल करून दिला. माझ्या हातानं.

माझ्या डोक्यात आता सर्दी बसलीय. तिला कायमची सर्दी असायची.

कात्तिक १४

चौतारीवर गेले, रेंज आली, मेसेज आला. मितिनी, ऐक, गंमत बघ. मला पण तिथंच लागतंय, तुझ्यासारखंच. पोखऱ्यात दाखवलं. बाईनं सुई घातली. तू असतीस तर हात धरायला.

हसरा चेहरा टाकला होता शेवटी.

उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं. काळजी घे, एवढं पाठवलं. हॉटेलात पाहुणे निघताना म्हणायचे तेच.

कात्तिक १७

नाव घ्यायचं. एवढंच करायचंय. चौतारीवर उभं राहून एकदा मोठ्यानं म्हणायचं. तिला ऐकू जायलाच हवं असं नाही, ठूलीआमानं सांगितलंय.

गेले होते. तिथं दोन बायका गवताचे भारे टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर नको म्हटलं. त्या गेल्या. मग एक खेचरवाला आला. मग कुणी नव्हतं.

घरी आले.

तिहारला बागलुंगला जाणार नाही, काम आहे, असं फोनवर सांगितलं. वही लिहितेस ना, सृजनानं विचारलं.

कात्तिक २१

ती परत आलीय.

जिथं मी सात तासांत आले होते तिथं तिला दोन दिवस लागले. हमालानं शेवटच्या पायऱ्या पाठीवर घेऊन चढवली. पंधरा दिवसांत इतकं माणूस आटतं? माझी शाल पांघरलीय.

मला वाटलं गाव दारं लावून घेईल. लावली असती तर बरं झालं असतं. सगळे धावले. बज्यैनं पाय चोळले. घराघरातून अंडी आली. ठूलीआमानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि खरंखुरं रडली. यांची माया खोटी नाही. मला हेच समजेना— खोटी असती तर—

डॉक्टर म्हणाले, पसरलंय. यकृतात, हाडात. आठ महिन्यांचं तरी असेल. ती म्हणाली, अहो, गेल्या महिन्यात माझ्या अंगात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं सगळ्यांना वाटतं. तिकडच्या मोठ्या इस्पितळालाही कागद पाठवले. त्यांनी सांगितलं, घरी या, आईजवळ राहा.

जायच्या आधी मितिनीला भेटायचं होतं म्हणून चढून आले, म्हणाली.

कात्तिक २२

दुपारी अंगणात ऊन खात बसलो होतो. तिनं मोबाइलवर तो दिवस लावला. माळा, टाळ्या, मी. पोखऱ्याच्या हॉटेलातल्या दिदीला तिनं हे दाखवलं होतं. दिदी म्हणाली, बोलीत दोन वाक्यं आहेत, तुला एकाचाच अर्थ कसा सांगितला?

रागानं नाही विचारलं. माझा हात हातात घेऊन विचारलं. दुसरं काय होतं गं, मितिनी?

मी म्हटलं, तेच आहे. तेच उलटं करून.

उलटं म्हणजे?

मी म्हटलं, काही नाही. शोभेसाठी असतं.

तिनं मोबाइल बंद केला. मग म्हणाली, बरं. तू म्हणतेस म्हणजे तसंच. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचं डोकं हलकं लागत होतं. मला तिथं दुखत नव्हतं. कुठंच दुखत नव्हतं.

कात्तिक २३

गेली.

डोलीतून नेली चौघांनी. पायऱ्यांच्या तोंडाशी त्यांना थांबवून वळली, हात वर केला. मी वर अंगणात. अख्खा गाव माझ्या मागे. आता, म्हटलं. आता घे. तोंड उघडलं— ते तीन अक्षरी नाव जिभेवर आलं होतं, आईशप्पथ आलं होतं—

मी खोकले.

खोकला आलाच नव्हता. मुद्दाम खोकले.

तिनं खालून हात तोंडाशी नेऊन ओरडून सांगितलं, मितिनी, आलं खा गं!

ठूलीआमानं पाठीवरून हात फिरवला. पहिल्यांदा जड जातं, म्हणाली.

कात्तिक ३०

काही नाही लिहायला. भूक लागते. वजन वाढलंय. सगळे म्हणतात, काडीची बाई झाली.

मंसिर ३

मेसेज नाही. वाईट बातमी पण नाही. म्हणजे अजून—

रोज सकाळी ठरवते. चहा होतो. मग भांडी. मग दुपार.

मंसिर ९

दोन पाहुण्या आल्यात, बहिणी-बहिणी. बज्यैनं काकडी दिली. ठूलीआमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ती धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघतेय. काय सुंदर डोळे गं हिचे, सांग तिला, म्हणाली.

मी सांगितलं. मी सांगितलं तिला.

थोरली भिंतीवरचे फोटो बघत होती. एकावर बोट ठेवलं. निळा रुमाल माझ्या गळ्यात, शाल तिच्या. ही कोण? माझी मितिनी, म्हटलं. कुठं असते? पोर्तुगालला. अरे वा, आम्ही जाणार आहोत तिकडं, भेटू की तिला. तिनं वही काढली, पेन उघडलं. नाव काय हिचं?

चुलीपाशी ठूलीआमा वळली. बज्यै सूप खाली ठेवून उठली.

जरा थांब म्हटलं आणि खोलीत आले. दाराला कडी घातलीय. बज्यै दार वाजवतेय. थोरली बाहेरून विचारतेय, चुकीचं काही विचारलं का मी—

नाही गं. बरोबर विचारलंस.

डावा हात तिथं नेऊन बघतेय. सपाट आहे. अजून सपाट आहे. सृजना, ही वही तुला मिळाली तर सगळी वाच. लाज वाटू दे माझी. मी मोठ्यानं म्हणतेय आता, म्हणता म्हणता लिहितेय, म्हणजे माघार नको— तिचं नाव—